युद्धाच्या वर्षांतल्या आपल्या कामकरी बायका

दुसऱ्या महायुद्धात इंग्लंड-अमेरिकेत पुरुष आघाडीवर गेले आणि बायका कारखान्यांत शिरल्या. मुंबईच्या कापड गिरण्यांत मात्र उलट घडलं. 1920 च्या दशकात गिरणी कामगारांत पाचातली एक बाई होती. स्वातंत्र्य आलं तेव्हा हे प्रमाण आठ-नवात एकीवर उतरलं होतं. मधल्या काळात महायुद्ध झालं, गिरण्यांनी सैन्यासाठी खाकी कापड काढलं, पाळ्या वाढल्या. तरीही बायका कमीच होत गेल्या.

माझी आजी मालवण तालुक्यातली. युद्धाच्या वर्षांत ती परळच्या एका गिरणीत वाइंडिंग खात्यात होती. तिच्यामुळे मी हा शोध सुरू केला. सरकारी कागदांत 'मालवण' असं शोधून फारसं हाती लागत नाही. सिंधुदुर्ग जिल्हा झाला 1 मे 1981 ला. त्याआधी मालवण, देवगड, वेंगुर्ला हे रत्नागिरी जिल्ह्यात, आणि सावंतवाडी तर 1948 पर्यंत वेगळं संस्थान. त्यामुळे आपल्या बायका रत्नागिरीच्या आकड्यांत मिसळून गेल्या आहेत. पण तेही आकडे बरंच सांगतात. 1921 च्या सुमारास मुंबईतल्या दर पाच माणसांत एक रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेला होता, आणि जिल्ह्यात हजार पुरुषांमागे अकराशेहून जास्त बायका उरल्या होत्या.

ज्या मुंबईला गेल्या, त्यांतल्या गिरणीत लागलेल्या बहुतेक वाइंडिंग आणि रीळिंगला. सूत बॉबिनवर भरायचं, तुटला धागा जोडायचा, सुताच्या लडी करायच्या. पगार कामाच्या मापावर. कामावर घेणं, खाड्याची जागा दुसरीला देणं हे नायकिणीच्या, म्हणजे खात्यातल्या मुकादमिणीच्या, हाती असे, म्हणून तिची मर्जी सांभाळावी लागे.

मग युद्धाची भरभराट यांच्या वाट्याला का आली नाही? फॅक्टरी कायद्याने बायकांना रात्रपाळी बंद होती, त्यामुळे रात्री वाढलेलं काम पुरुषांकडे गेलं. वाइंडिंगची वेगवान यंत्रं आली, तसे हात कमी लागू लागले. 1929 च्या मुंबई प्रसूती लाभ कायद्याने मालकावर बाळंतपणाच्या भत्त्याचा भार टाकला. कायदा न्यायाचाच होता, पण तो खर्च टाळायला बाईच नको, असा मार्ग मालकांना मोकळा राहिला. बायकांच्या रक्षणासाठीचे नियम सरकार मोडू शकत नव्हतं असंही नाही. कोळसा कमी पडू लागला तेव्हा 1943 मध्ये खाणींत जमिनीखाली बायकांना कामावर ठेवण्याची बंदी उठवली गेली, आणि 1946 मध्ये, डॉ. आंबेडकर मजूर खात्याचे सदस्य असताना, ती पुन्हा लागू झाली. बाईला कामावर बोलावणं आणि घरी पाठवणं, दोन्ही दुसऱ्यांच्या गरजेवर ठरत होतं.

आता गावाकडे पाहा. मार्च 1942 मध्ये रंगून पडलं, ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाला. आपला भाग पहिल्यापासून विकतच्या तांदळावर जगणारा. मनीऑर्डर यायची, पण त्या पैशांत येणारं धान्य घटत गेलं. लावणी, बेणणी, भातकापणी, नाचणी, गुरं, म्हातारी माणसं हे सगळं मागे राहिलेल्या बाईने सांभाळलं. तिकडे गिरणगावात खाणावळवाल्या बायका पाळीच्या वेळा सांभाळून चाकरमान्यांना दोन वेळचं जेवण रांधत होत्या. गिरणीचा पगार कुटुंबाला पुरत नसे. ती तूट या बायकांनी स्वतःच्या मेहनतीने भरली, म्हणून साचे चालले. माझ्या मते हीसुद्धा युद्धउद्योगातली मजुरीच होती. हजेरीपटावर मात्र तिची नोंद कधी झाली नाही.

उषाताई डांग्यांसारख्या पुढारी बायकांनी आपलं आयुष्य लिहून ठेवलं. साध्या कामगारणीला ती सवड नव्हती. तिचे कागद आपल्याच घरांत आहेत. देवगडपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या वाचकांना माझी विनंती आहे: माळ्यावरची ट्रंक उघडा. गिरणीचा पास, पगाराची चिठ्ठी, मनीऑर्डरची पावती, रेशनकार्ड मिळालं तर फेकू नका. त्याचा फोटो काढा, मागे नाव, गाव, गिरणी आणि खातं लिहा. आणि घरात नव्वदीची आजी असेल तर ती कुठे, काय काम करायची हे तिला आजच विचारा.