पॉलिश वाळते म्हणजे काय होते?

हौशी सुतार पॉलिश शिकायला लागला की दुकानातल्या नावांतच गुरफटतो: चपडा, बेलतेल, मेलामाइन, पीयू. यांचे वर्गीकरण चकाकीवरून किंवा किमतीवरून करण्यात फारसा अर्थ नाही. लेप वाळतो कसा, हे आधी पाहावे. कारण ‘वाळणे’ या एका शब्दात दोन अगदी निराळ्या क्रिया सामावल्या आहेत.

पहिल्या क्रियेत द्रावक फक्त उडून जातो. पळस, कुसुम, बोर यांवर वाढणाऱ्या कीटकाची लाख शुद्ध करून तिचे पातळ पापुद्रे करतात, तोच चपडा. तो स्पिरिटमध्ये विरघळतो. स्पिरिट उडाले की लाख मागे उरते. म्हणून नवा हात खालच्या थराला किंचित विरघळवून त्याच्याशी एकजीव होतो. पुढे कधी ओरखडा पडला, तर तेवढ्याच जागी पुरचुंडी, म्हणजे पॉलिश लावायची कापडाची गुंडाळी, फिरवून तो भरता येतो. मात्र ती लेपावर क्षणभर जरी थांबली, तरी चिकटते. हलत्या हाताने टेकवावी, हलत्या हातानेच उचलावी. पावसाळ्यात आणखी एक अडचण येते. स्पिरिट उडताना पृष्ठभाग थंड होतो, दमट हवेतले पाणी त्यावर जमते आणि लेप पांढुरका पडतो. कोकणात जुलैत हे काम काढूच नये.

दुसरी क्रिया रासायनिक आहे. बेलतेल म्हणजे उकळलेले जवसाचे तेल. ते हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते आणि त्या क्रियेत उष्णता निर्माण होते. तेलात भिजलेल्या चिंध्या चुरगाळून कोपऱ्यात टाकल्या, तर आपोआप पेट घेऊ शकतात. त्या उघड्यावर पसरून वाळवाव्यात. हार्डनर घालून वापरायच्या पीयूतही रासायनिक बंध तयार होतात. पूर्ण कडक झालेला थर नव्या हाताने विरघळत नाही. त्याला घासून खरखरीत करावे लागते, तरच पुढचा थर धरतो.

शिकणाऱ्याने सुरुवात चपड्यापासून करावी, असे माझे ठाम मत आहे. त्यात चूक झाली तरी स्पिरिटने पुसून पुन्हा सुरुवात करता येते. 100 मिलिलिटर स्पिरिटला 12 ते 15 ग्रॅम चपडा पुरतो. एका वेळी थोडाच भिजवावा, कारण तयार द्रावणात लाख आणि अल्कोहोल यांची हळूहळू अभिक्रिया होत राहते आणि जुने द्रावण नीट वाळत नाही. शंका आली तर काचेवर एक थेंब टाकावा; दुसऱ्या दिवशी तो बोटाला चिकटला, तर बाटली रिकामी करावी.