म्हातारीची मोळी आणि करवीरचा हुकूम

साने गुरुजींनी 'श्यामची आई' लिहिले ते फेब्रुवारी १९३३ मध्ये, नाशिकच्या तुरुंगात. १९३५ साली ते प्रसिद्ध झाले आणि डोळे पुसत वाचावयाचे पुस्तक म्हणून मराठी घराघरांत स्थिरावले. या ख्यातीमुळे त्याची दुसरी बाजू झाकली गेली. अन्यायापुढे एखाद्या मुलाने कसे उभे राहावे, हा प्रश्नही ते पुस्तक विचारते.

'सारी प्रभूची लेकरे' हे प्रकरण पाहावे. एका महार म्हातारीची लाकडांची मोळी खाली पडली आहे. ती पुन्हा डोक्यावर चढवून देण्यास कोणी पुढे होत नाही. आई श्यामला हात लावायला सांगते. श्याम मोळी उचलू लागतो आणि लोकांचे बोल सहन करतो. एवढे सर्वांना आठवते. जे सहसा आठवत नाही ते असे, की घरी येऊन अंघोळ कर, असेही आईने सांगितलेले असते.

ही अंघोळ महत्त्वाची आहे. आईची करुणा खरी आहे, पण तिच्याभोवती सोवळ्याचे कुंपण आहे. म्हातारीची त्या दिवसाची अडचण दूर होते. तिचे अस्पृश्यपण मात्र तसेच राहते.

श्यामचे बालपण कोकणात, पालगडला, ज्या काळात सरले, त्याच काळात घाटावर करवीर संस्थानात हे कुंपणच काढण्याचा प्रयत्न चालला होता. शाहू महाराजांनी १९०२ मध्ये मागासलेल्या वर्गांसाठी संस्थानच्या नोकऱ्यांत निम्म्या जागा राखून ठेवल्या. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. त्याच वर्षी गुरुजींच्या आईचे निधन झाले. पुढे १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या निराळ्या शाळा बंद करून त्यांच्या मुलांना सर्वांबरोबर एकाच शाळेत बसविण्याचा हुकूम निघाला. कोल्हापुरातल्या मुलाचे शिकणे शेजाऱ्याच्या दयेवर अवलंबून राहू नये, हा त्यामागचा विचार. दयेची जागा हक्काने घेतली.

तथापि हुकुमाने सारे साधते असेही नाही. गंगाराम कांबळे या महाराजांच्याच नोकराला पाण्याला शिवल्याच्या आरोपावरून मारहाण झाली, तीही राजवाड्याच्या आवारात. महाराजांनी त्यांना हॉटेल काढण्यास मदत केली आणि तेथे स्वतः चहा घेतला. कागदावरील आज्ञेला असा देहाचा आधार द्यावा लागला. कायद्यालाही शेवटी कोणीतरी मोळीला हात लावणारा लागतोच.

गुरुजी स्वतः त्या अंघोळीपाशी थांबले नाहीत. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून त्यांनी मे १९४७ मध्ये दहा दिवस उपोषण केले आणि मंदिर खुले झाले. मोळीपासून महाद्वारापर्यंतचा हा प्रवास एका आयुष्यात घडला.

म्हणून मुलांना हे प्रकरण वाचून दाखविताना अंघोळीचा उल्लेख गाळू नये. तो गाळला तर आई निर्दोष होते आणि मुलांना विचारावयास काही उरत नाही. तो ठेवला, तर एखादे मूल नक्की विचारील : मदतच केली होती, मग अंघोळ कशाला? करवीरच्या हुकुमामागे हाच प्रश्न होता.