परक्या घरातली मुलगी आणि तिचा जामीन

परदेशात एखाद्या कुटुंबात राहायचं, त्यांची मुलं सांभाळायची, घरकामाला हात लावायचा आणि त्या बदल्यात जेवणखाण, खोली, हातखर्चाला पैसे आणि तिथली भाषा शिकायची संधी मिळवायची, या व्यवस्थेला युरोपात ‘ओ पेअर’ म्हणतात. पुण्यामुंबईत जर्मन शिकणाऱ्या मुलामुलींच्या कानावरून हे नाव गेलेलं असतं, कारण पहिल्या पातळीची जर्मन येत असेल आणि वय बसत असेल तर जर्मनीत वर्षभर राहायची ही त्यातल्या त्यात कमी खर्चाची वाट आहे. या वाटेबद्दल मिळणारा सल्ला बहुतेक वेळा स्वभावाविषयी असतो: घर चांगलं बघा, मोकळेपणानं बोला, जुळवून घ्या. यजमान कुटुंबालाही हेच सांगतात, की मुलीला घरच्यासारखं वागवा. सल्ला वाईट नाही, पण फार अपुरा आहे. या प्रथेचा इतिहास वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. परक्या घरात राहणाऱ्या मुलीचं भलंबुरं त्या घराच्या चांगुलपणावर जेवढं ठरलं, त्याहून जास्त ते घराबाहेर तिच्यासाठी जामीन कोण आहे यावर ठरलं.

सुरुवातीच्या काळात हा जामीन व्यवहाराच्या पोटातच होता. स्वित्झर्लंडमध्ये जर्मन बोलणारे आणि फ्रेंच बोलणारे प्रांत एकमेकांना लागून आहेत. जर्मन भागातल्या घरांना वाटे की मुलांना फ्रेंच यावं, आणि फ्रेंच भागातल्यांना व्यापारउदीमासाठी जर्मनची गरज पडे. शिकवणी लावण्यापेक्षा दोन कुटुंबं मुलांचीच अदलाबदल करत. बर्नकडचा मुलगा व्हो किंवा न्यूशातेल प्रांतात जाई, तिकडचा इकडे येई, आणि दोघं त्या त्या घरच्या मुलांसारखे कामाला लागत. पैसे कुणीच कुणाला देत नसे. तुमचं मूल आमच्या घरात आहे आणि आमचं तुमच्या, एवढी एक गोष्ट दोन्ही घरांना ताळ्यावर ठेवायला पुरेशी होती. नातं बरोबरीचं होतं ते मनाच्या मोठेपणामुळे नव्हे, दोन्हीकडे सारखीच जोखीम होती म्हणून. आजच्या ओ पेअर व्यवस्थेच्या जाहिरातींत ‘बरोबरीनं राहणं’ हा शब्दप्रयोग सर्रास दिसतो, पण ती बरोबरी कशावर उभी होती हे त्यात कुठेच येत नाही.

एकोणिसाव्या शतकात ही अदलाबदल हळूहळू एकतर्फी झाली. जर्मन भागातल्या मुली शाळा संपली की वर्षभर फ्रेंच भागात जाऊ लागल्या; बदल्यात तिकडून कुणी येतच असे असं नाही. रेल्वे आल्यावर अंतरं वाढली आणि ओळखीपाळखीतून घर शोधायची सोय संपली. मुलगी आता वर्तमानपत्रातल्या जाहिरातीला पत्र पाठवून, कुणालाही न ओळखता, अनोळखी शहराच्या स्टेशनावर उतरत होती. तिथे तिला गाठणारी माणसं कोण असतील याचा भरवसा नव्हता. वेश्याव्यवसायाच्या सरकारी नियमनाविरुद्ध लढणाऱ्या इंग्रज समाजसुधारक जोसेफिन बटलर यांच्या चळवळीशी जोडलेल्या स्त्रियांनी १८७७ मध्ये जिनिव्हात तरुण मुलींच्या मदतीसाठी संघटना उभी केली ती याच धास्तीपोटी. गावोगावच्या सदस्य स्त्रियांचं जाळं, एकटीनं प्रवास करणाऱ्या मुलींसाठी निवारा, नोकरी देऊ करणाऱ्या घराची आधी चौकशी, ही त्यांची कामाची पद्धत. १८९४ मध्ये बर्लिनच्या स्टेशनावर जर्मनीतलं पहिलं रेल्वे मिशन सुरू झालं, आणि दंडाला पट्टी बांधलेल्या बायका खेड्यातून येणाऱ्या मुलींना उतरवून घेऊ लागल्या. या संस्थांच्या मर्यादाही सांगायला हव्यात. मुलीचं शील जपण्याकडे त्यांचं जितकं लक्ष होतं, तितकं ती दिवसाला किती तास राबते याकडे नव्हतं. तरीही मुलगी आणि घर यांच्या मध्ये, दोघांपैकी कुणाच्याही पैशावर न चालणारं तिसरं कुणीतरी उभं राहिलं, ही त्यांची खरी कमाई. प्रोटेस्टंट आणि कॅथलिक अशा दोन्ही परंपरांतल्या या संस्थांच्या वारसदार आजही जर्मनीत ओ पेअर मुलींना घरं शोधून देतात.

याच काळात मुंबईच्या बंदरातूनही काही बायका परक्या घरांबरोबर निघत होत्या, आणि जामीन म्हणजे नेमकं काय हे त्यांच्या कहाणीत जितकं उघड दिसतं तितकं दुसरीकडे कुठे दिसत नाही. मायदेशी जाणारी इंग्रज कुटुंबं प्रवासात मुलं सांभाळायला आया बरोबर नेत, तो ओघ १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाल्यावर वाढला. बोट विलायतेला लागली की अनेक कुटुंबांच्या लेखी आयेचं काम संपे. परतीचं तिकीट द्यायचं की नाही हे त्या घराच्या मर्जीवर. १९०८ मध्ये एका आयेला हातावर एक पौंड ठेवून लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनावर सोडून दिल्याची नोंद इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहे. अशा बायकांसाठी लंडनमध्ये ‘आयाज होम’ होतं, आधी ऑल्डगेट भागात, १९०० पासून हॅकनीमधल्या किंग एडवर्ड्स रोडवर, लंडन सिटी मिशनच्या देखरेखीखाली. तिथली रीत बारकाईनं पाहण्यासारखी आहे. नीट वागणारं कुटुंब आयेला तिथे पोचवताना तिचं परतीचं तिकीटही व्यवस्थापिकेच्या हवाली करी. हिंदुस्थानात परतणारं दुसरं कुटुंब आया हवी म्हणून तिथे आलं, की ते तिकीट त्या कुटुंबाला विकलं जाई. आयेचा परतीचा प्रवास नव्या कुटुंबाबरोबर पगारी कामात होई, आणि विकलेल्या तिकिटाच्या पैशांतून तिच्या मधल्या मुक्कामाचा खर्च भागे. एका कागदी तिकिटावर तिचं छप्पर, तिची भाकरी आणि तिची पुढची नोकरी अशा तीन गोष्टी उभ्या होत्या. ज्या कुटुंबानं ते तिकीट दिलं नाही, त्याच्या आयेसाठी यातलं काहीच आपोआप होत नव्हतं.

यावर कुणी म्हणेल की आया आणि ओ पेअर यांची तुलनाच गैर आहे. आया म्हणजे गुलाम देशातली पगारी मोलकरीण. ओ पेअर म्हणजे मध्यमवर्गीय घरातून भाषा शिकायला आलेली मुलगी. दोघींच्या प्रतिष्ठेत जमीनअस्मानाचा फरक होता हे मान्य. पण त्यांच्या अडचणीचं मूळ एकच आहे. राहण्याची जागा आणि कामाची जागा एकच असली की काम सुटताक्षणी डोक्यावरचं छप्परही जातं, आणि परदेशात असल्यावर त्याबरोबर तिथे राहायचा परवानाही डळमळतो. सुशिक्षित असल्यानं मुलीला तक्रार लिहिता येते, पण ती रात्र कुठे काढायची हा प्रश्न त्यानं सुटत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम युरोपातल्या शहरांतून पूर्णवेळ नोकर माणसं मिळेनाशी झाली आणि ओ पेअर मुलींची मागणी वाढत गेली. तेव्हा जामीन म्हणून सरकारांनी पुढे यावं असा विचार पुढे आला. युरोप परिषदेनं २४ नोव्हेंबर १९६९ रोजी स्ट्रासबर्गमध्ये ओ पेअर व्यवस्थेविषयीचा करार सह्यांसाठी खुला केला. वय १७ ते ३०, मुक्काम एक वर्ष आणि फार तर दोन, आधीच लेखी करार, रोजचं घरकाम पाच तासांपेक्षा जास्त नाही, आठवड्यातून निदान एक दिवस पूर्ण सुट्टी आणि त्यातली महिन्यातून एक रविवारी, भाषेच्या वर्गाला पुरेसा वेळ, विमा, हातखर्च, आणि मुदत ठरलेली नसेल तर दोन आठवड्यांची सूचना. या तरतुदी पन्नास वर्षांनंतरही कुठल्याही कुटुंबानं डोळे मिटून पाळाव्यात इतक्या शहाणपणाच्या आहेत. पण त्याच कराराच्या प्रस्तावनेत या मुली विद्यार्थिनीही नाहीत आणि कामगारही नाहीत, दोन्हींचे गुण असलेला त्यांचा वेगळाच वर्ग आहे, असं ठरवून टाकलं. माझ्या मते पुढच्या बऱ्याच दुःखाचं मूळ इथे आहे. विद्यार्थिनी म्हटलं की विद्यापीठ जबाबदार असतं, कामगार म्हटलं की कामगार खातं. दोन्हींच्या मध्ये ठेवल्यावर दोघांनाही हात झटकता आले. फ्रान्स, इटली, डेन्मार्क, नॉर्वे, स्पेन यांनी करार मंजूर केला. जर्मनी आणि स्वित्झर्लंडसारख्या देशांनी सही केली, पण मंजुरी कधी दिलीच नाही.

मोकळी राहिलेली ही जागा खाजगी एजन्सींनी भरली. जर्मनीत नोकरी जुळवून देण्यावर पूर्वी सरकारी खात्याची मक्तेदारी होती. ती गेली, आणि २००२ पासून एजन्सी काढायला परवानाही लागेनासा झाला. अमेरिकेत उलट रस्ता दिसतो. तिथे १९८६ मध्ये ही व्यवस्था सांस्कृतिक देवाणघेवाणीच्या व्हिसाखाली सुरू झाली आणि सरकारनं ठरवलेल्या थोड्या संस्थांमार्फतच मुलगी आणता येते. नियम पुष्कळ तपशिलाचे आहेत: संस्थेचा स्थानिक प्रतिनिधी मुलीच्या घरापासून तासाभराच्या मोटारप्रवासाइतका जवळ हवा, त्यानं दर महिन्याला मुलगी आणि कुटुंब दोघांशी संपर्क ठेवायचा, तीन महिन्यांच्या आतलं बाळ तिच्यावर एकटीवर सोपवायचं नाही. तरीही ठिणगी पडलीच, आणि ती पडली पैशांवरून. आठवड्याला ४५ तास, तासाला ७.२५ डॉलर हे किमान वेतन, म्हणजे ३२६.२५ डॉलर, त्यातून राहण्याजेवणाचे ४० टक्के वजा, उरले १९५.७५. हा आकडा खालची मर्यादा होता. २०१४ मध्ये कोलोरॅडोच्या न्यायालयात ओ पेअर मुलींनी दावा लावला तो असा, की एजन्सींनी आपसांत संगनमत करून हाच आकडा ठरलेला दर म्हणून कुटुंबांच्या गळी उतरवला. एजन्सींनी आरोप नाकारला, पण २०१९ मध्ये पंधरा संस्थांनी मिळून साडेसहा कोटींहून जास्त डॉलर देऊन तडजोड केली. जामीन कागदावर भक्कम होता, त्याची फी मात्र मुख्यतः कुटुंबाकडून येत होती. एका बाजूच्या पैशावर चालणाऱ्या मध्यस्थाकडून दुसऱ्या बाजूच्या हक्कांची आठवण आपणहून करून दिली जाईल अशी आशा धरणं भाबडेपणाचं आहे.

आता दोन आक्षेपांचा विचार करायला हवा. पहिला जिव्हाळ्याचा आहे: तास मोजले, करार लिहिले, बाहेरच्या माणसाला मध्ये आणलं, की घरपण जातं आणि उरतो मालक-नोकराचा व्यवहार. हे म्हणणाऱ्यांत अतिशय सज्जन कुटुंबं असतात म्हणून ते गांभीर्यानं घ्यायला हवं. पण करारामुळे त्यांच्या सज्जनपणाला कसलीच बाधा येत नाही. ज्या घरात पाचच तास काम असतं तिथे ‘पाच तास’ लिहून काही बिघडत नाही. उलट संध्याकाळी आईवडील उशिरा आले तर तो वेळ कुणाचा, पाहुणे आल्यावर भांडी कुणी घासायची, मूल तापानं फणफणलं तर रात्री कुणी उठायचं, या गोष्टी आधी बोलल्या गेल्या नाहीत की दोन्हीकडे मनात साठत जातात. ‘घरच्यासारखी’ मुलगी नाही म्हणू शकत नाही, आणि हाच त्या शब्दाचा धोका आहे.

दुसरा आक्षेप नेमका उलटा: ही प्रथा म्हणजे स्वस्त मोलकरणीचं सोज्वळ नाव आहे, ती बंदच करा. नॉर्वेनं मार्च २०२४ पासून ओ पेअर परवान्यांचे नवे अर्ज घेणं थांबवलं. त्याआधी, १९९८ मध्ये, फिलिपिन्सनं छळाच्या तक्रारींनंतर आपल्या मुलींना युरोपात ओ पेअर म्हणून जायला बंदी केली, आणि ती २०१० ते २०१२ दरम्यान टप्प्याटप्प्यानं उठवली, पण उठवताना करार आपल्या दूतावासाकडून तपासून घेण्याची अट ठेवली. म्हणजे पाठवणारा देशच जामीन राहिला. मला हे पाऊल बंदीपेक्षा जास्त शहाणपणाचं वाटतं, कारण बंदीनं काय होतं त्याचा दाखला ब्रिटनमध्ये आहे. तिथे २००८ च्या अखेरीस ओ पेअर व्हिसा रद्द झाला आणि त्याबरोबर ओ पेअर कुणाला म्हणायचं याची सरकारी व्याख्याही गेली. प्रथा मात्र चालूच राहिली, युरोपीय संघातल्या मुलींच्या जोरावर. तास, सुट्टी, हातखर्च यांचा कुठलाच दंडक उरला नाही आणि पूर्ण दिवसाची नोकरी त्याच नावाखाली जाहिरातींत मागितली जाऊ लागली. नियम काढले की गरज नाहीशी होत नाही.

म्हणून जर्मनीला जाऊ पाहणाऱ्या मुलीनं आणि तिच्या आईवडिलांनी घराचे फोटो पाहण्याआधी एजन्सीकडे पाहावं. ती फी कुणाकडून घेते, किती घेते, आणि मुलीला मध्येच घर सोडावं लागलं तर परत काय मिळतं? मुलगी जिथे राहणार त्या शहरात एजन्सीचं माणूस आहे का, की सगळा कारभार भारतातल्या एका फोन नंबरावर चालतो? यजमानांकडे आधी राहून गेलेल्या मुलीशी थेट बोलता येईल का? जर्मन नियमानुसार काम आठवड्याला ३० तासांपेक्षा जास्त नसतं, आणि घरात जर्मन ही मातृभाषा नसून नुसती रोजच्या वापराची भाषा असेल तर यजमान आईवडील ज्या देशाचे, त्याच देशाची मुलगी त्यांना ओ पेअर म्हणून ठेवता येत नाही. जर्मनीतल्या एखाद्या मराठी घरात मुलगी धाडून देतो असं सांगणारा मध्यस्थ हा नियम जाणत नाही किंवा लपवतो; दोन्ही परिस्थितींत त्याच्यापासून लांब राहणं बरं. यजमान कुटुंबांनीही हेच प्रश्न आपल्या एजन्सीला विचारावेत, कारण स्वस्त मध्यस्थामुळे मुलगी महिन्याभरात निघून गेली तर तिच्याइतकाच त्यांच्या मुलांचाही खोळंबा होतो. आणि एक प्रश्न दोन्ही बाजूंनी लेखी उत्तर मागून विचारावा: करार मोडला, सूचनेचे दोन आठवडे सुरू झाले आणि एका छपराखाली राहणं अशक्य झालं, तर मुलगी त्या रात्री कुठे झोपणार आणि त्याचे पैसे कोण भरणार?