पूर्वचारित्र्य पडताळणी

पूर्वचारित्र्य पडताळणी ही शासकीय सेवेसाठी निवड झालेल्या उमेदवाराचे वर्तन व पूर्वेतिहास तपासण्याची प्रशासकीय प्रक्रिया होय. व्यवहारात तिला ‘पोलीस व्हेरिफिकेशन’ म्हणतात. भंडारा जिल्ह्यातील जवाहरनगरच्या आयुध निर्माणीसारख्या संरक्षण आस्थापनांत तिला विशेष महत्त्व असते.

== साक्षांकन नमुना ==
केंद्रीय सेवेतील उमेदवार साक्षांकन नमुन्यात मागील पाच वर्षांतील, एक वर्षाहून अधिक वास्तव्याची ठिकाणे नोंदवतो. साकोली तालुक्यातील सानगडीचा उमेदवार शिक्षणासाठी दोन वर्षे नागपुरात राहिला असल्यास त्याला दोन्ही पत्ते द्यावे लागतात. अटक, खटला, दंड यांविषयी स्वतंत्र प्रश्न असतात. निर्दोष सुटका झाली म्हणून अटकेची नोंद गाळता येत नाही.

अनेकदा मूळ प्रकरणापेक्षा ते दडवणेच उमेदवाराला महाग पडते. ‘अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार’ (२०१६) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने याबाबतची तत्त्वे निश्चित केली. तरुण वयातील घोषणाबाजीसारखे किरकोळ प्रकरण दडवले गेल्यास नियोक्ता ती चूक माफ करू शकतो. मात्र माहिती खरी दिली तरी पूर्वेतिहास विचारात घेण्याचा त्याचा अधिकार कायम राहतो.

== कर्जबाजारीपणा ==
साक्षांकन नमुन्यात कर्जाचा रकाना नसतो. हा प्रश्न मुख्यतः नियुक्तीनंतर उद्भवतो. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ मधील नियम १७ नुसार कर्मचाऱ्याने सततचा कर्जबाजारीपणा व दिवाळखोरी टाळावी, अशी अपेक्षा आहे. कर्जवसुलीसाठी न्यायालयीन कार्यवाही सुरू झाल्यास त्याने ती तत्काळ शासनाला कळवावी लागते. कर्ज उधळपट्टीमुळे नव्हे, तर आवाक्याबाहेरच्या परिस्थितीमुळे झाले, हे सिद्ध करण्याची जबाबदारीही त्याच्यावरच असते. म्हणजेच नुसते कर्ज घेणे हा दोष नाही.

शेतकरी कुटुंबांत येथे गैरसमज आढळतो. वडिलांच्या नावावरील पीककर्ज मुलाचे वैयक्तिक कर्ज ठरत नाही. परंतु मुलाने जामीनदार म्हणून सही केली असल्यास, भारतीय करार अधिनियम, १८७२ मधील कलम १२८ नुसार, करारात वेगळी तरतूद नसेल तर, त्याचे दायित्व मूळ ऋणकोइतकेच असते. वसुलीचा दावा त्याच्यावरही होऊ शकतो आणि तसे झाल्यास नियम १७ लागू होतो.

== अमेरिकेतील पद्धत ==
अमेरिकेत गोपनीय माहिती हाताळण्याची पात्रता ठरवताना जून २०१७ पासून लागू असलेले १३ निकष वापरतात. वैयक्तिक वर्तन व आर्थिक स्थिती हे त्यांपैकी दोन स्वतंत्र निकष आहेत. नोकरी जाणे किंवा आजारपण यांमुळे कर्ज झाले असल्यास, ते फेडण्यासाठी संबंधिताने जबाबदारीने केलेले प्रयत्न तेथे त्याच्या बाजूने विचारात घेतले जातात.