मराठी क्रियापदांतील अक्षरविभागणी व बलाघात

क्रियापदाच्या रूपाची उच्चारात होणारी अक्षरांतील विभागणी व एखाद्या अक्षरावर पडणारा जोर. मराठीत लेखनात राहिलेला ‘अ’ शब्दान्ती आणि अनेकदा शब्दमध्येही उच्चारात लोपतो (पहा : अकारलोप). त्यामुळे ‘करतो’ हे रूप ‘कर्-तो’ असे द्व्यक्षरी, ‘समजतो’ हे ‘स-मज्-तो’ असे त्र्यक्षरी होते. वर्धा जिल्ह्याच्या बोलीत हा संकोच आणखी पुढे जातो : ‘आला होता’ची चार अक्षरे ‘आल्ता’त दोनच उरतात (पहा : वऱ्हाडी बोली). या भागातील बोलींची नोंद ग्रीअर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (१९०५) आहे. मराठीतील बलाघात सौम्य असून तो अर्थभेद करत नाही. इटालियनमध्ये मात्र ‘पार्लो’च्या पहिल्या अक्षरावर जोर दिल्यास ‘मी बोलतो’, अंत्य अक्षरावर दिल्यास ‘तो बोलला’ असा अर्थ होतो.