खिशांतल्या यंत्रांची चढाओढ : भागधारकाच्या दृष्टीनें

मुळशीचें नांव महाराष्ट्राच्या इतिहासांत आलें तें भांडवलाच्या निमित्तानें. टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध १९२१ सालीं सेनापति बापटांच्या नेतृत्वाखालीं तेथें सत्याग्रह झाला; तरीहि धरण उभें राहिलें आणि त्याची वीज मुंबईस गेली. त्याच तालुक्यांतल्या हिंजवडी गांवीं आज संगणकाच्या आज्ञावल्या लिहिणाऱ्या कंपन्यांची मोठी वसाहत आहे. पुण्यामुंबईच्या पुष्कळ सुशिक्षित घरांचें अन्न या धंद्यावर चालतें व शिलकीचा पैसाहि त्यांतच गुंततो. म्हणून मोबाइल फोनच्या ऑपरेटिंग सिस्टिमची, म्हणजे यंत्र चालविणाऱ्या मूळ आज्ञावलीची, चढाओढ आपण जाणून घेतली पाहिजे.

सायन, नोकिया, एरिक्सन प्रभृति कंपन्यांनीं १९९८ सालीं लंडन येथें सिम्बियन ही कंपनी काढली. २००७ सालीं जगांतील निम्म्याहून अधिक स्मार्टफोन तिच्या आज्ञावलीवर चालत होते. केवळ खपाचा आंकडा पाहणाऱ्या भागधारकास नोकिया अढळ वाटली असल्यास नवल नाहीं. परंतु त्याच वर्षीं ॲपलचा आयफोन निघाला व गूगलनें अँड्रॉइड जाहीर केली. ॲपल यंत्र व आज्ञावली एकत्र विकून नफा मिळवी; गूगल आज्ञावली कारखानदारांस फुकट देऊन जाहिरातींतून पैसा काढी. परवान्याचे पैसे मागणारी मायक्रोसॉफ्ट या दोहोंच्या कात्रींत सांपडली. जिथें गिऱ्हाइकें अधिक तिथें ॲप लिहिणारे जातात, आणि जिथें ॲपें अधिक तिथें गिऱ्हाइकें जातात. हें चक्र एकदां फिरूं लागलें म्हणजे मागें पडलेल्यास पैसा ओतूनहि तें उलटवितां येत नाहीं. नोकियानें २०११ सालीं सिम्बियन सोडून मायक्रोसॉफ्टची कांस धरली. तिचा फोनचा धंदा मायक्रोसॉफ्टनें २०१४ सालीं घेतला, आणि पुढच्याच वर्षीं सुमारें ७६० कोटी डॉलर बुडीत खातीं टाकले.

महाराष्ट्रांतलें उदाहरण नवी मुंबईच्या जिओचें. २०१७ सालीं तिनें १,५०० रुपये अनामतीवर दिलेला जिओफोन कायओएस या तिसऱ्याच आज्ञावलीवर चाले. त्यावर व्हॉट्सॲप येण्यास २०१८ साल उजाडलें. त्याच सालीं गूगलनें कायओएसमध्यें २.२ कोटी डॉलर घातले. २०२० सालीं जिओ प्लॅटफॉर्म्समध्यें ३३,७३७ कोटी रुपये गुंतविण्याचें जाहीर केलें. आणि २०२१ सालीं निघालेल्या जिओफोन नेक्स्टची ‘प्रगति’ ही आज्ञावली अँड्रॉइडवरच उभी होती. परंतु विजेत्याचा भाग घेतला म्हणजे चिंता मिटली असेंहि नाहीं. अँड्रॉइडच्या वर्चस्वाचा गैरवापर केल्याबद्दल भारताच्या स्पर्धा आयोगानें २०२२ सालीं गूगलला १,३३७.७६ कोटी रुपये दंड केला.

तेव्हां विक्रीचा आंकडा हा कालचा हिशेब होय. उद्यांचा अंदाज बांधावयाचा तर त्या आज्ञावलीवर परक्यांनीं आपले किती श्रम लावले आहेत हें पाहावें. भागधारकास आपले भाग एका सकाळींत विकतां येतात. एका आज्ञावलीचें कसब शिकण्यांत उमेदीचीं वर्षें घालविणाऱ्यास ती सोय नाहीं. ज्या घरांतील मुलगी वा मुलगा हिंजवडीस नोकरी करतो आणि ज्याची शिल्लकहि त्याच धंद्याच्या भागांत आहे, त्या घरानें आपलीं सारीं अंडीं कळत नकळत एकाच टोपलींत ठेविलीं आहेत. निदान शिल्लक तरी दुसरीकडे ठेवणें त्याच्या हातीं आहे.