न हसलेला एक जण

निकोलाय गोगोलची 'ओव्हरकोट' लोकलमध्ये ऐकायला घेतली ती दीडपट वेगाने. इंग्रजी भाषांतराचं ऑडिओबुक. कॉलेजात वाचलेली कथा, दोन प्रवासांत उरकेल असा हिशेब. पण काहीतरी बिनसत होतं. कथेतला कारकून अकाकी अकाकियेविच धड बोलतच नाही. 'म्हणजे ते... तसं आपलं...' करत वाक्य अर्ध्यावर सोडतो आणि सगळं सांगून झालं अशा समजुतीत गप्प होतो. वाढवलेल्या वेगात त्याचं अडखळणंच नाहीसं झालं होतं. मी वेग उतरवला आणि पुन्हा पहिल्यापासून लावली.

ही कथा कानासाठी आहे, हे रशियात शंभर वर्षांपूर्वीच कुणीतरी सांगून ठेवलंय. बोरिस आयखेनबाउम या समीक्षकाने 1919 साली छापलेल्या निबंधात दाखवलं, की इथे कथानक नावापुरतं आहे. खरा खेळ निवेदकाच्या आवाजाचा, शब्दांच्या नादाचा, अचानक पालटणाऱ्या सुराचा. नायकाचं नावही नादासाठीच निवडलेलं. रशियन कानाला ते हास्यास्पद लागतं. मराठी कानाला त्यात 'काका' ऐकू येतो. त्याकडे नंतर येतो.

कथेचा जन्मसुद्धा ऐकण्यातूनच झाला. पावेल आन्नेनकोव्ह या गोगोलच्या मित्राने आठवण लिहिली आहे. पीटर्सबर्गमधल्या एका बैठकीत कुणीतरी किस्सा सांगितला. एका गरीब कारकुनाला पक्ष्यांच्या शिकारीचा नाद. पोटाला चिमटा काढून, जादा कामं करून त्याने एक उत्तम बंदूक घेतली. पहिल्याच दिवशी होडीतून फिनलंडच्या आखातात गेला, बंदूक समोर ठेवली आणि आनंदात हरवून गेला. भानावर आला तेव्हा बंदूक नव्हती. दाट लव्हाळ्याने ती पाण्यात ओढली होती. तो तापाने फणफणला. शेवटी सहकाऱ्यांनी वर्गणी काढून नवी बंदूक आणून दिली, तेव्हा कुठे वाचला.

बैठकीतले सगळे हसले. गोगोल तेवढा हसला नाही. मान खाली घालून ऐकत राहिला.

तो कसा हसेल? 1828 च्या अखेरीस तो या शहरात आला, सरकारी कचेरीत कारकुनी केली, आणि 1830 मध्ये आईला पत्रातून कळवलं, की अख्खा हिवाळा उन्हाळी कोटावर काढला. पीटर्सबर्गचा हिवाळा!

1842 साली कथा छापून आली तेव्हा बंदुकीचा कोट झाला होता. वर्षाला 400 रूबल पगार, कोट 80 रूबलचा. त्यासाठी अकाकी संध्याकाळचा चहा सोडतो, मेणबत्ती विझवतो, बुटांचे तळवे झिजू नयेत म्हणून रस्त्यावर जपून पावलं टाकतो. कोट अंगावर चढतो त्याच रात्री चोर तो काढून घेतात. आणि इथेही सहकारी वर्गणी काढतात. पण गोगोलने किस्स्यातला तो गोड शेवट ठेवला नाही. साहेबांच्या चित्रासाठी आधीच पैसे गेलेले असतात, त्यामुळे जमते ती फुटकळ रक्कम. वाचताना हे वाक्य माझ्या नजरेतून निसटलं होतं. ऐकताना निसटलं नाही.

आणखी एक जागा. कचेरीतले लोक अकाकीची टर उडवतात, डोक्यावर कागदाचे कपटे टाकतात. त्यांच्यात नव्याने लागलेला एक तरुणही असतो. अकाकी अगदी साध्या शब्दांत, मला का छळता म्हणून विचारतो. निवेदकाचा सूर पालटतो आणि तरुणाचं हसू थांबतं, कायमचं. ती जागा मी तीनदा मागे नेऊन ऐकली. बैठकीतला न हसलेला गोगोल मला तिथे दिसला.

माझ्या पहिल्या नोकरीत हिशेबाच्या टेबलावर एक काका होते. 'ते आपलं... हे...' म्हणत अडखळायचे. त्यांची नक्कल ऑफिसात सगळ्यांत हुबेहूब मी करायचो. एकदा ते मागे येऊन उभे राहिले होते. काही न बोलता फाइल ठेवून गेले.

ते निवृत्त झाले तेव्हा आम्हीही वर्गणी काढली होती. एकूण किती जमली, आठवत नाही. मी पन्नास रुपये दिले होते.